गुरुवारपर्यंत

जानेवारी. मूंटा गावात बेचाळीस अंश.
कचऱ्याची गाडी पंधरवड्यातून एकदा, गुरुवारी पहाटे.
ग्लेनिसनं डब्याचं झाकण उचललं
तर तळाशी भात शिजलेला,
आणि तो चालत होता.

चार किटल्या उकळतं पाणी.
मग व्हिनेगर, मग मूठभर चुना,
नाकावर ताटं पुसायचं फडकं.
डबा आडवा करून उन्हात ठेवला
तरी माश्या तिथंच,
जेवण आटोपूनही न उठणाऱ्या पाहुण्यांसारख्या.

एकतीस वर्षं हा डबा मर्विनचा.
कधी एक अळी दिसली नाही.
तिला वाटायचं, डबे असतातच असे.

कुंपणापलीकडून आयव्ही ओरडली,
"नाताळच्या कोळंबीची टरफलं कुठं टाकलीस?"
"कुठं म्हणजे? डब्यात."
"अगं, गोठवायची ती! गाडी येईस्तोवर."

गॅरेजमधला जुना फ्रीझर.
वाटाण्यांच्या पिशव्यांखाली, बर्फाला चिकटलेली
वर्तमानपत्राची पुडी.
निळ्या मार्करनं, त्याचं तिरकं अक्षर:
खेकडे. गुरुवारी बाहेर.

कुठला गुरुवार, ते लिहिलं नव्हतं.

त्या रात्री तिनं माशांची तीन डोकी
कागदात बांधली, वर तारीख घातली,
आणि त्या पुडीला लागून ठेवली.

बुधवारी झोपताना
फक्त तिची पुडी डब्यात गेली.
डबा कोरडा. झाकण घट्ट.
सकाळी एक माशी त्यावर बसली,
पुढचे पाय चोळले,
उडून गेली.