निळं फाटक

मामाच्या लॉरीवर क्लीनर म्हणून चढलो तेव्हा
गाण्यातलं मला इतकंच कळायचं
की त्यावर नाचता आलं पाहिजे.
किनांगोपचं धुकं, पहाटेचे चार,
पाठीमागं बटाट्याची ऐंशी पोती
आणि टेपमधून कुणी एक माणूस
नाकातून रडत होता.
"याचं कोण मेलंय, मामा?"

गाथोगो मामानं गिअर बदलला.
"अजून कुणी नाही.
तिसरं कडवं तर येऊ दे."

पुढं फ्लायओव्हरच्या चहाच्या टपरीवर
कपात फुंकर मारत म्हणाला,
"शब्द सोड. इंग्रजी तुला येत नाही,
मलाही बेताचंच.
मागं ती आडवी गिटार वाजते ना,
तारेवरून लोखंड सरकवतात ती,
तिच्याकडं कान दे."
मी दिला.
दाराची बिजागरी तेल मागते
तसला आवाज,
पण सुरात मागत होती.

मग शब्द आले, एकेक, वळणावळणानं.
व्हिस्की : आपल्याकडं डबक्यात गाळतात ती, बाटलीत भरलेली.
जेल : हे सांगावं लागलं नाही.
ट्रेन : आम्ही दोघांनी नुसते रूळ पाहिलेले.
"आणि टेक्सास?"
"न्याहुरुरूच्या पलीकडं,"
मामा न हसता म्हणाला.
"तिथंही गुरं, तिथंही वारा,
बायका तिथल्याही शहाण्या,
वेळेवर निघून जातात."

कॅसेट एकच होती. ब बाजू चांगली.
एका गाण्यात, बरोब्बर मधे,
गायक पाण्याखाली जायचा,
दोन ओळी बुडून पलीकडं निघायचा.
त्या ओळींत काय होतं
मला आजही माहीत नाही.
रीळ गुंतलं की मी पेन्सिल घालून फिरवायचो,
मामा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून
ऑपरेशनच्या दाराबाहेर बसावं तसा
समोर बघत राहायचा.

दर गुरुवारी, न्जाबिनी मागं टाकलं
की तो आवाज वाढवायचा.
मला वाटायचं, चढ आहे,
इंजिन ओरडतं, म्हणून.
रस्ता तिथं सपाट आहे हे लक्षात यायला
मला सात महिने लागले.

डाव्या हाताला निळं पत्र्याचं फाटक,
कुंपणावर शाळेचा पिवळा स्वेटर वाळत घातलेला,
कधी एक बाई कोंबड्यांना काही टाकताना.
मामा तिकडं बघायचा नाही.
फक्त ती बिजागरी
कानठळ्या बसेपर्यंत तेल मागायची,
आणि फाटक आरशातून गेलं
की त्याचा हात पुन्हा बटणावर, आवाज खाली,
"बटाट्याला आज काय भाव असेल रे?"

मग एका गुरुवारी रीळ तुटलं.
गुंतलं नाही, तुटलंच.
पेन्सिलीचा उपयोग नव्हता.
लॉरीत नुसतं इंजिन, पोत्यांची कुरकुर,
आणि काचेच्या फटीतून शिट्टी घालणारा वारा.
न्जाबिनी गेलं.
फाटक दिसायच्या आधीच
मामाचा हात बटणाकडं गेला
आणि त्यानं ते फिरवलं.
पूर्ण. उजवीकडं. अडेपर्यंत.
टेप मुकाच होता.
स्वेटर या वेळी दोन होते,
एक लहान झालेला.

मी खिडकीबाहेर बघितलं नाही.
मामाकडंही नाही.
गाणं मात्र तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं,
बुडालेल्या दोन ओळींसकट.

वाकुलिमाच्या बाजारात त्या दिवशी
दलालानं तीन पोती कमी मोजली.
मामा भांडला नाही.
मीच भांडलो, आणि हरलो.

आता रविवारी बारमध्ये लोक मला विचारतात,
नवशिक्यानं कुठून सुरुवात करावी?
मी चार नावं सांगतो, जुनी, सोपी,
फाटकाचं सांगत नाही.
एवढंच म्हणतो, घरी बसून नको,
गाडीत ऐक.
शक्यतो दुसऱ्याच्या.