समसमान

विट्याच्या तहसील कचेरीत, मोजणीच्या दिवशी
मी सहा वर्षांची होते
आणि मला काळजी होती ती
फ्रॉकच्या फाटक्या खिशातल्या दोन चिंचोक्यांची.

वडिलांचा चहाचा गाडा फाटकाबाहेर.
आतून शिपाई आला, म्हणाला, पोरगी द्या जरा.
कशाला, ते बोलला नाही.
वडिलांनी माझं नाक पुसलं, ओल्या फडक्यानं हात पुसले
आणि सरकारला मला उसनी दिली.

टेबलावर स्टीलचा डबा.
लिगाडे साहेबांच्या घरचा, झाकणावर बाईंचं नाव कोरलेलं.
खडकसोंडी, प्रभाग तीन, नामाप्र स्त्री.
इंदुबाई सरगर, दोनशे अकरा.
रुक्साना मुजावर, दोनशे अकरा.
यापैकी कोणीही नाही, तीन.

फेरमोजणी झाली होती. यंत्र पुन्हा तेच बोललं.
लोक त्या तिघांना एकमेकांच्या तोंडावर शोधत होते.
आणि कोइमतूरला, गलाईच्या दुकानात,
सरगरांचा पुतण्या फोनवर रडत होता
की रेल्वेचं तिकीटच मिळालं नाही.

साहेबांनी नियम वाचून दाखवला.
मला एवढंच कळलं
की मोठ्या माणसांचं मोजून संपलंय.

डोळे मिटून मी उजवा हात घातला.
दोन घड्या, अगदी सारख्या.
एक कोपऱ्याला सरकलेली.
ती घेतली, एकटी वाटली म्हणून.

मग गुलाल.
मुजावरांच्या कुणीतरी दहाची नोट पुढं केली.
वडिलांनी ती घेतली नाही,
पण त्या दिवशीच्या चहाचे पैसे
दोन्ही पार्ट्यांकडून चोख घेतले.

पुढं नागरिकशास्त्रात बहुमत आलं,
गुप्त मतदान आलं, प्रौढ मताधिकार आला.
डबा कुठंच नव्हता.
सहामाहीत मी तो एकदा लिहिला.
बाईंनी लाल रेघ मारली: विषयाला धरून लिहावे.

अठरा झाल्यावर दोनदा मत दिलं.
शाई डाव्या बोटाला लावतात.
उजवा हात अजून कोराच आहे.

आता त्याच रस्त्याला माझा संगणक आहे,
सातबारे, दाखले, उमेदवारी अर्ज.
काल सरवर बसलेलं, पंखा बंद,
आणि समोर प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर घेऊन
इंदुबाई सरगर.

वय अठ्ठावन्न. अपत्यं दोन.
शौचालय आहे, त्याचा दाखला आहे,
जातीचा आहे, अनामत शंभर रुपये सुटे आहेत.
बाई, आधी कधी उभ्या होतात?
"हुते की. एकदा."
मग पडलात?
"न्हाई."
मग निवडून आलात?
"न्हाई गं."
मी खाली वर शोधलं. अर्जात
त्या दोन्हींच्या मधल्या माणसासाठी रकाना नव्हता.

"दोनशे अकरा माणसं हुती माझी," त्या म्हणाल्या,
"त्यातली पंधरा-वीस गेली आता. मी मयताला जाते समद्यांच्या.
रुक्साना बी येती. ती पलीकडच्या बाजूला बसती.
कोण कुणाचं हुतं, दोघींनाबी ठाव न्हाई,
म्हणून दोघीबी सगळीकडं जातो."

फोनवर ओटीपी येईना.
त्या पदरानं वारा घेत राहिल्या.
मग मला म्हणाल्या,
"एक पोरगी हुती तवा, डब्यात हात घालणारी.
एवढीशी. तिचं खिसं फाटकं हुतं.
खाली पडलेला चिंचोका मी उचलून दिला तिला,
तर घेईना. भ्याली हुती."

हे मला आठवत नव्हतं.
चिंचोके दोन होते. घरी गेले तेव्हा किती,
ते आठवेना.

ओटीपी आला.
नाव तपासा बाई, इंदुबाई बाळू सरगर, बरोबर?
"बरुबर. दाब."

पडद्यावर निळ्या चौकटीत लिहिलं होतं, सादर करा.
का कोण जाणे,
मी माउस डाव्या हातात घेतला.