उद्याचं तापमान

चकाल्याच्या हॉटेलात, तळघरातल्या हॉलमध्ये,
जिथं आदल्या रात्रीच्या बारशाचे फुगे अजून छताला होते,
आम्ही चौदाजण पाच दिवस
प्रश्न विचारायला शिकलो.
हो किंवा नाहीत संपेल असं विचारायचं नाही.
“नीट धुता ना?” असं नाही.
“कसं धुता, दाखवा.”
एवढा एक शब्द खिशात ठेवा, नाबर सर म्हणाले,
बाकीचं मानकात आहे.
आणि दिसलं ते लिहा. वाटलं ते घरी न्या.

तिसऱ्या दिवशी नाटक. वापीचा एक केमिस्ट मालक झाला, मी ऑडिटर.
त्यानं काजूकतलीचा डबा पुढं केला.
तुकडा जिभेवर विरघळल्यावर मला आठवलं.
सगळे हसले. सरांनी वहीत काहीतरी टिपलं.

पास व्हायला सत्तर लागतात. मला बहात्तर.
आई म्हणाली, म्हणजे तू आता साहेब?
म्हटलं, नाही गं, आता मी बघी.
आधी नुसतं बघायचं, मग शिकाऊ म्हणून वीस दिवस,
मग कुणीतरी मागं उभं राहून मला बघणार,
मग समिती, मग नावापुढं एक कोड,
ज्यात मासे येतात, मटार येतात,
दूध येत नाही. दुधाचा वेगळा.
आई म्हणाली, नासलेलं मला वासावरनं कळतं,
मला नाही लागला कोड.

विसावा दिवस: शिवडी, हे बंदर रोड.
बंदर काही दिसत नाही, भिंत दिसते,
आणि भिंतीआड उणे अठरा.
अंगावर कुणा धिप्पाड माणसाचं जाकीट,
पाठीवर सरांची नजर.
आज त्यांनी बोलायचं नाही, असा नियम.

नोंदवही निकेश वैतीकडं. वय बावीस, कानात पेन.
दर दोन तासांनी आकडा, खाली सही.
आज बुधवार.
गुरुवारच्या रकान्यात
उणे अठरा, उणे अठरा, उणे साडेअठरा.

त्या अर्ध्या अंशापाशी मी थांबले.
किती जपून केलं होतं त्यानं.

“हे कसं भरता, दाखवा.”
त्यानं खरंच पेन काढलं आणि शुक्रवार भरायला घेतला.
मग हात थबकला.
“उद्या ताईचा साखरपुडा आहे, मॅडम.
बदलीचा माणूस विसरतो, म्हणून त्याचंही…”

नाव लिहायचं नसतं, पद लिहायचं असतं.
तापमान नोंदवही, पान एकेचाळीस, कलम अमुक.
समारोपाच्या बैठकीत मालक मान हलवत होते,
वैती दारापाशी उभा, जाकिटाची चेन वरखाली करत.
माझा आवाज कापला नाही.
शिकवलेलं सगळं बरोबर जमलं.

बाहेर गोदामाच्या सावलीत कटिंग घेताना
सर दिवसभरात पहिल्यांदा बोलले.
“तुमची लॉगबुक. दाखवा.”

ओळ विसावी मी काल रात्रीच लिहिली होती.
शिवडी. शीतगृह. आठ तास.
खाली सहीपुरती जागासुद्धा सोडलेली, आखून.
सरांनी घड्याळ पाहिलं. पावणेचार.
सकाळी साडेनऊला आत गेलो होतो.
ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
पेनाचं टोपण काढून त्यांनी
दिसलं तेवढंच लिहिलं:
पान सात, ओळ वीस.
मुदत तीस दिवस, वैतीला दिली तेवढीच.

रात्री जेवणाच्या टेबलावर तो फॉर्म.
मूळ कारण, या चौकटीत
आधी ‘घाई’ लिहिलं, खोडलं.
‘नजरचूक’ लिहिलं, तेही खोडलं,
नजर तर नीट होती, ओळ सरळ आली होती.
मला ताई नाही, साखरपुडा नाही.
आत आईनं पातेल्याचं झाकण उचललं, हुंगलं,
म्हणाली, चांगलं आहे, घे.
मी घेतलं.
दाखव म्हटलं नाही.