आकडा

दोना पावलच्या प्रयोगशाळेत, तळमजल्यावर,
कच्छहून आलेला दगड
आठ दिवस आम्लात बसलाय.
खोलीभर आंबट वास,
शेजारच्या एस्पेरांसबायच्या चुलीवरून येतो तसाच.
कुतिन्हो बाई सांगतात, घाई नको,
दगडाला आपणहून सोडू दे.

म्हणून मी रोज सकाळी गाळ गाळते,
ओल्या कुंचल्याच्या दोन केसांनी
कण बाजूला सारते.
सगळे करडे. सगळे कुणाचेच नसलेले.

आज अकरा वाजून गेल्यावर
भिंगाखाली काळाभोर, चकचकीत,
अर्ध्या तिळाएवढा
एक आकडा.
मग दुसरा.
तिसऱ्याचं टोक अजून गाळात होतं.

नख म्हणावं तर बोट नाही,
गळ म्हणावा तर दोरी नाही.
दहा हातांचं जनावर, माणकीचं फार लांबचं कुणी,
त्याच्या हातांवर असे आकडे, रांगेने.
त्याच्या पोटातला दगडी बाण पुष्कळांना मिळतो,
आमच्या कपाटात खोकंभर आहेत,
एकाने तर दार अडकवून ठेवलंय.
आकडे मात्र क्वचित.
डोळे गेले, शाई गेली,
आणि जे धरलं होतं
तेही गेलं.

सोळा कोटी वर्षं, बाई म्हणाल्या,
चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

मला बाबा आठवले असं नाही म्हणणार.
मला त्यांचा अंगठा आठवला.
नावशीला, मी चौथीत असताना,
गळाचं टोक मोडून आतच राहिलं.
डॉक्टरकडे जा म्हणून आईने किती गळ घातली;
ते म्हणाले, एक आहे की आत,
आणखी कशाला घालतेस?
मग वर कातडी आली.
बँकेच्या कागदावर अंगठा उठवला
की मधोमध एक पांढरा ठिपका पडायचा.
तिसऱ्या दिवशी राख सावडताना
कुष्टाकाकाने काहीतरी उचललं,
धोतराला पुसलं, सदऱ्याच्या खिशात टाकलं.
मी पाहिलं. विचारलं नाही.

तिसरा आकडा कुंचल्यावर घेतला
आणि पंखा...
पंखा बंद ठेवावा, ही सूचना भिंतीवर
माझ्याच अक्षरात आहे.

दोन तास गुडघ्यांवर, मोबाइलच्या उजेडात.
सापडली एक टाचणी, माझाच एक केस,
आणि मुंगीचा पाय,
जो क्षणभर, देवाशप्पथ,
सोळा कोटी वर्षांचा वाटला.

वहीत रकाना आहे: आकडे, किती.
मी तीन लिहिलं. काचपट्टीवर दोन.
आकडा जुळत नाही, बाई म्हणाल्या,
आणि माझ्याकडे न बघता
तीनखाली पेन्सिलीने रेघ ओढली.
ती चूक दाखवणारी
की जपून ठेवणारी, कळलं नाही.

संध्याकाळी तिठ्यावर मटक्याच्या टपरीशी कुष्टाकाका.
आज तुझ्या दगडातून काय आकडा आला गो?
रोजचाच विनोद.
तीन, मी म्हटलं.
त्याने तीनवर दहा रुपये लावले.
पाकिटातून नोट काढताना
त्याची बोटं आतल्या कप्प्याशी
जरा जास्त वेळ थांबली.
बाबांच्याच उंचीचा तो. पाठीला वाकलाय.

घरी आई माणक्या साफ करत होती.
मीही बसले पाटावर,
पारदर्शक पट्टी ओढून काढली, शाईची पिशवी फुटू दिली.
एका हाताची बारीक वाटी
माझ्या अंगठ्याला बसली.
तिच्या कडेला दात असतात, रव्यासारखे.
सकाळपासून मेलेली माणकी,
तरी सोडेना.

ओढू नकोस, आई म्हणाली,
वर न बघता.
उलटं फिरव.