आईचं नाव आधी

तेग्वेन प्रोसरकडे मी कामाला लागले
तेव्हा पहिला आठवडा नुसत्या पिशव्या चिकटवल्या,
बोटाएवढ्या, पातळ कागदाच्या.
ओटच्या एका फुलात तीन परागकोश.
ते फुटायच्या आत, हिरवे असतानाच
चिमट्याने काढायचे, श्वास रोखून,
कारण कार्डिगनच्या उपसागरावरून
वारा निघालेलाच असतो.
मग पिशवी. मग लेबल.
लेबलावर शिसपेन्सिलच, शाई इथल्या ओलीत टिकत नाही.
आणि आईचं नाव आधी, बापाचं नंतर.
"चर्चच्या नोंदवहीत उलटं असतं," ती म्हणायची,
"म्हणून मी इथे येते."

अडतीस वर्षं. पिशव्यांची गणतीच नाही.
त्यांतून नाव मिळालं एकाच वाणाला:
आखूड काडीचा, वादळातही न लोळणारा.
घडायला बारा वर्षं, यादीत टिकला सात.
मग कुणाचा तरी दुसरा आला, एकरी दीड पोतं जास्त देणारा.
बैठकीत हिनेच त्याच्या बाजूने हात वर केला
आणि घरी जाऊन सगळ्या खिडक्या पुसल्या.

सोमवार ते शुक्रवार ती वाफ्यातली
रानशेवंती मुळासकट उपटायची. दयामाया नाही.
रविवारी त्याच रानशेवंतीसाठी
कड्यावरच्या पडीक तुकड्यात गुडघे टेकायची,
भिंग डोळ्याला, वही मांडीवर:
पाच रोपं. गेल्या साली नऊ.
हे जमतं कसं, मी एकदा विचारलं.
"तू ज्या बोटांनी उवा मारतेस
त्यांनीच भाचीची वेणी घालतेस ना?"

ती निवृत्त झाली त्यानंतरच्या जुलैत
आम्ही बसची वाट बघत होतो.
थांब्याच्या दगडी भिंतीच्या फटीत एक ओट.
एकटाच. कधीकाळी कुठल्या ट्रॉलीतून सांडलेल्या दाण्याचा
पणतू किंवा खापरपणतू.
ती वाकली. काडी दोन बोटांत धरून
पेरावरची लव चाचपली,
पोराच्या कानामागची खूण बघावी तशी.
"हा माझा," असं काही म्हणाली नाही.
रविवारची वही काढली.
केइर्ख, तिने लिहिलं, तिच्या भाषेतला ओट,
घशातून खरवडून येणारा.
एक रोप. भिंतीत. आपोआप आलेलं.
"आणि आईबाप?" मी म्हटलं. मला तोंडपाठ होते.
"या वहीत तो रकाना नाही."

बस आली. ड्रायव्हरने दार उघडून ठेवलं,
येताय का म्हणाला.
लोंबी तळहातावर घेऊन ती दाण्यांवर नख टेकवत होती,
एकेक, ओठ हलवत.
थांबा जरा, मी म्हटलं,
बाई मोजतायत.