भोकाचा पैसा

तीन सेलची, पितळी. निकल उडून गेलेलं.
काचेला एक तडा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
बाबांनी ती कुर्ल्यांवर धरली, सापांवर धरली,
एकदा तारामुंबरीच्या धक्क्यावर एकाच्या टाळक्यातही घातली,
त्या गोष्टीत माणसाचं नाव दरवेळी बदलतं.
आता तिचा उजेड निवलेल्या चहासारखा,
पायापुरता पडायचा,
तोही एकाच पायापुरता.

नवी साडेआठशेला, सोलकराच्या दुकानात टांगलेली.
बाबा म्हणाले, "साडेआठशात अर्धो पाग इणान होतलो."
मी हिशेबाची वही काढली.

एलईडी, पंचेचाळीस.
पिवळसर हवा तर साठ. मी पांढरा घेतला.
ड्रायव्हर, रुपयाएवढा, पाच तऱ्हांनी पेटणारा, ऐंशी.
एक इंची पाईपचा तुकडा, बारा.
कथील दुकानातलं. मी तिथेच मोबाईल दुरुस्त करते,
सोलकर कथील मोजत नाही.
मोजतो, पण बोलत नाही.
सेल पतपेढीने भंगारात टाकलेल्या लॅपटॉपचे.
सहा निघाले: चार मेलेले, एक आजारी,
एक मात्र रात्रभर टेबलावर पडून
सकाळी होता तेवढाच होता.
खारानं हिरवी पडलेली स्प्रिंग
भिजवलेल्या आमसुलानं घासली.
त्या दिवशी जेवायला सार होतं.
आमसूल वेगळं होतं, असं आई म्हणते.

अडलं एकाच ठिकाणी.
एलईडी तापतो, त्याच्या बुडाला तांबं हवं,
आणि तांब्यातून दोन तारा जायला वाट.
आईने बटणांचा डबा उपडा केला.
भोकाचा पैसा!
माझ्या करगोट्यात होता म्हणे, दात येईपर्यंत,
कुणाची नजर लागू नये म्हणून.
वाट त्याच्यात आधीपासूनच होती.

बाबांनी हातात घेऊन तोलली.
"हलकी झाली गो."
तीन सेलांच्या जागी एक, बाकी पोकळ.
मग स्वतःच उठले, फाटक्या पागाची शिसं सोडवली,
नळीत भरत राहिले एकेक,
हाताला ओळख पटेपर्यंत.

पहिल्या रात्री ओहोटी दीडची.
पलीकडे मिठमुंबरीच्या चिखलात बाबा,
अलीकडे पडवीत आई.
निघताना ते तीनदा पेटवतात,
लग्नापासूनची खूण. भात टाक, एवढीच.
पहिल्यांदा पेटली: भरदुपार.
दुसऱ्यांदा जरा उतरलेली.
तिसऱ्यांदा सगळी खाडी
थरथर, थरथर, थरथरत राहिली,
आणि विझवू गेले तर
तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड.
सुरूच्या बनातले कुत्रे उठले.
अनंत मोंडकराने होडी लोटली,
मागोमाग दुसरी, दोरखंड आणि टायरची ट्यूब घेऊन.
"कोण बुडलो?"
गुडघाभर पाण्यात बाबा, टोपली उपडी,
कुर्ल्या आपापल्या घरी.
"कोण नाय. चेडवान बॅटरी सुदारल्यान."

ड्रायव्हरच्या कडेला चार तारे असतात,
तांदळाच्या कणीएवढे. भिंगाखाली दिसतात.
कुठला जोडला की काय जातं
ते कुणी लिहून दिलेलं नाही.
तिसऱ्याला कथलाचा थेंब दिला
आणि सगळी सोंगं गेली,
पेटणं आणि विझणं तेवढं उरलं.

पांढऱ्याला कुर्ल्या बुजतात, हे बाबांनी
चार दिवसांनी सांगितलं, तेही आईला.
पंधरा रुपये वाचवले होते मी!
मखराचा पिवळा जिलेटीन कागद होता माळ्यावर,
काचेमागे गोल कापून बसवला.

वहीत बेरीज: एकशे सदतीस रुपये, एक पैसा.
पडवीतल्या दिव्याखाली आई वाचते,
शेवटच्या आकड्यावर बोट ठेवते.
"ह्यो उधार लिव."
खाडीपलीकडे पिवळं
एकदा,
दोनदा.
तिसऱ्याला पडवीत मी एकटीच,
आत तांदूळ धुतल्याचा आवाज.