आधी तीन खेपा

युनदादाच्या डाव्या कानात पाणी गेलंय
असं आम्ही सगळे हिवाळाभर म्हणत होतो.
तो सिहुईच्या बाजारात जेड घडवणारा,
दगडाला नखानं टिचकी मारून
आत तडा आहे की नाही सांगणारा माणूस.
एकदा त्यानं टिचकी मारली, कान लावला,
आणि दगड मुकाट खाली ठेवला.
गिऱ्हाईक म्हणालं, खोट आहे का?
तो म्हणाला, दगड बरा आहे.
कानच बोलत नाही.

मग मानेत गाठ.
मग सकाळी नाक शिंकरताना रुमालावर
रक्ताचा दोरा.
आमच्या नदीकाठी हे दुखणं
शेजाऱ्यासारखं ओळखीचं.
लहानपणी भातावर घेतलेला खारा मासा,
थोरल्या काकाला होतं तेच,
रक्तात कधीचा झोपलेला विषाणू —
कारण विचारलं की सगळे एकदम बोलतात.

ग्वांगझौला आऊ डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखवलं.
नाकाच्या मागं, घशाच्या वर,
जिथं माणसाचं स्वतःचं बोटही पोचत नाही
तिथं तो बसलेला, ऐसपैस.
शेजारी डोळ्याची नस. मागं मेंदूचा देठ.

मी म्हणाले, मग जाळा की उद्याच!
किरणं आहेत ना तुमच्याकडं?
घरात साप निघाल्यावर कुणी दोन महिने थांबतं?

त्या म्हणाल्या, थांबत नाही आपण.
आधी औषध, तीन खेपा,
एकवीस-एकवीस दिवसांनी.
तो आक्रसू दे, नसेपासून जरा मागं सरू दे.
आणि त्याची जी पिल्लं मानेतून उतरून
कुठं कुठं पांगली असतील, चित्रात न दिसणारी,
त्यांना औषधच गाठू शकतं.
किरणांना पत्ता लागतो.
सगळ्यांना नाही देत हे.
याचा पसारा मोठा, म्हणून.

परतीच्या बसमध्ये दादा म्हणाला,
बाई कारागीर आहे.
कच्च्या दगडाला पहिल्याच दिवशी
बारीक सुई लावत नसतात.
मी म्हणाले, तू दगड नाहीस.
तो म्हणाला, तेही खरंच.

पहिल्या खेपेला बादली.
आल्याची चकती घालून पेज नेली होती,
तिलाही त्याला लोखंडाचा वास आला.
सलाईनच्या बाटलीमागून बाटली,
मूत्रपिंडं धुवत राहायची,
नाहीतर औषधच खाईल त्यांना.
आठव्या दिवशी पुन्हा सुई.

दुसरीच्या आधी पांढऱ्या पेशी घसरल्या,
खेप आठवडाभर पुढं गेली.
तो आठवडा मी कॅलेंडरशी भांडले.
संत्री उतरवायचे दिवस. लोक टोपल्या
उंबऱ्याबाहेर ठेवून जात,
आत कुणी येत नसे, संसर्ग नको म्हणून.
दादाच्या कानात नवा आवाज, रातकिड्यासारखा.
गाठीचा की औषधाचा?
आऊबाईंनी लिहून घेतलं, उत्तर दिलं नाही.
मला ते आवडलं.

तिसरीनंतर मानेवर हात फिरवला
तर गाठ सापडेना.
मी पुन्हा चाचपली,
सांडलेलं कर्णफूल अंथरुणात शोधावं तशी.
रडायलाच लागले.
आऊबाई म्हणाल्या, अजून जिंकलेलं काही नाही.
फक्त जागा झाली आहे.

मागच्या आठवड्यात मुखवटा केला त्याचा.
गरम पाण्यातून काढलेली जाळी
चेहऱ्यावर ताणून, निवेपर्यंत दाबून.
तेहतीस वेळा तो तिच्याखाली
खिळल्यासारखा पडून राहणार.

आज पहिली.
नर्सनं पुकारलं, मॅक काय-युन.
उजव्या बाजूनं पुकारलं, म्हणून ऐकू आलं.

दारावरचा दिवा लाल झालाय.
माझ्या मांडीवर त्याचा चष्मा, त्याचं जाकीट,
आणि जाकिटाच्या खिशात एक खडा,
न घडवलेला.
मी नखानं टिचकी मारते, कानाशी नेते.
मला यातलं काही कळत नाही.
पण वाजतो.